पांढऱ्या वाफेचं औषध

नोकरीत शेकडो गुन्ह्यांचे कागद माझ्या सहीने पुढे गेले. त्यातले बरेच फिर्यादी आणि आरोपी आता डोक्यात एकमेकांत मिसळतात. हा गुन्हा मात्र वेगळा राहिला आहे. त्या दिवशी कोण कुठे उभं होतं, हेसुद्धा मी आज सांगू शकेन. नावं कोणाचीच देणार नाही. ज्यांना शिक्षा झाली त्यांनाही घरं आहेत, आणि ज्यांनी सोसलं त्यांना त्या दिवसांतून एकदाचं बाहेर पडायचं आहे.

सुरुवात त्या कुटुंबापासून करतो. नवरा अंबडच्या एका कारखान्यात फिटर. सिडकोत दोन खोल्या, बायको आणि शाळेत जाणारी मुलगी. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत फिटर आडवा झाला. बरेच दिवस दवाखान्यात काढून जिवंत घरी आला, म्हणून गल्लीने टाळ्या वाजवल्या. पण घरी आला तो अर्धाच. विषाणू गेला होता. फुप्फुसं मात्र खराब करून गेला होता. ऑक्सिजनचं भाड्याचं यंत्र पलंगाशेजारी दिवसरात्र घरघरत असे. वीज गेली की बायको आधी सिलिंडरकडे धावायची, मग दिव्याकडे. मशीनचा आवाज ऐकून बिघाड ओळखणारा हा माणूस, त्याला आता एक वाक्य एका दमात पुरं करता येत नव्हतं. अंघोळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून बायकोच घालायची. मुलगी बापाशी बोलायची ती हो-नाहीत उत्तर देता येईल असे प्रश्न विचारून. कारखान्याने जागा राखून ठेवली होती, पण ती कायमची राखणार नव्हता, आणि हे नवरा-बायको दोघांनाही ठाऊक होतं.

अशा घराची बातमी ज्याला हवी असते त्याला बरोबर लागते.

मी तेव्हा औद्योगिक वसाहतीच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. थोडं माझ्याविषयी सांगतो, कारण त्याचा या तपासाशी संबंध आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. देवळ्याकडच्या गावातून येऊन नाशिकला खोली करून बी.एस्सी. केलं. वडिलांना माझ्या पदवीचं नाव नीट सांगता यायचं नाही. ते सगळ्यांना 'पोरगा सायन्सचा आहे' एवढंच सांगायचे. ते सायन्स मला पोलीस खात्यात कधी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. या प्रकरणात पडलं. आणि त्याच्या जोडीला घरचा गोठाही उपयोगी पडला.

ते दिवस ठाण्याला सोपे नव्हते. निम्मा स्टाफ आजारी किंवा नुकताच उठलेला. फिर्यादीला दोरीपलीकडे उभं करायचं, अंमलदाराने मास्कमधून ओरडून प्रश्न विचारायचे, त्याने मास्कमधून ओरडून उत्तर द्यायचं. नवरा-बायकोच्या भांडणाची फिर्याद अख्ख्या आवाराला ऐकू जायची. एके सकाळी अशाच गोंगाटात ठाणे अंमलदाराने मला आत येऊन सांगितलं, "साहेब, दवाखान्यातून एमएलसी आहे. पण डॉक्टरबाई म्हणतात, तुमच्याशीच बोलायचंय."

मार लागला, जळालं, विष घेतलं, की दवाखाना पोलिसांना कळवतो. त्याला आम्ही एमएलसी म्हणतो. यात तसं काही नव्हतं. फोनवर छातीच्या विकारांच्या डॉक्टर होत्या. फिटरवर आधी त्यांनीच उपचार केले होते.

"माझा पेशंट थंडी-तापाने परत आलाय," त्या म्हणाल्या. "रक्तदाब टिकत नाहीये. हाताला ताजी सुई टोचल्याची खूण आहे, आणि ती आमची नाही. घरच्यांना विचारलं तर कोणी बोलत नाही. याला कोणीतरी घरी काहीतरी चढवलंय. काय चढवलंय ते मला कळायला हवं."

मी गेलो. सोबत एक महिला शिपाई घेतली. अशा ठिकाणी बाई असावी लागते. माझ्यासारख्या सहा फुटी माणसाला पाहून घरचे आणखी मिटतात.

डॉक्टरबाईंनी कॉरिडॉरमध्ये उभ्या-उभ्या मला समजावलं. शेजारच्या पेशंटच्या नातेवाइकाने कानावर घातलं होतं की फिटरला 'स्टेम सेल' दिलंय. म्हणजे मूलपेशी.

"असं काही असतं का खरंच?" मी विचारलं.

"असतं. विषाणूशी लढताना शरीर स्वतःच्याच फुप्फुसाला जखमा करतं. ती लढाई शांत करायला आणि दुरुस्तीला मूलपेशींची मदत होईल का, याचे प्रयोग चालू आहेत. नाळेतून, हाडातल्या मज्जेतून काढतात, वाढवतात, अतिशय थंड नायट्रोजनमध्ये जपून ठेवतात. पण प्रयोग, साहेब. परवानगी घेऊन, नोंद करून, पेशंटकडून एक पैसा न घेता. पंख्याच्या हुकाला सलाईन लटकवून नाही."

"उपयोग होईल याचा पुढे?"

"होईलही. म्हणून तर मला या माणसांचा जास्त राग येतो."

फिटरची बायको अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसली होती. तिशी ओलांडलेली, नाशिकातच वाढलेली, बोलायला ठाम. मी समोर बसलो, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"ताई, काय दिलं त्यांना?"

"मी कोणाविरुद्ध काही लिहून देणार नाही, साहेब."

"लिहून नका देऊ. नुसतं सांगा."

"सांगितलं की तुम्ही त्यांना आत टाकणार. अजून दुसरा डोस बाकी आहे. तो कोण देणार? तुम्ही देणार?"

"त्यांना ताप भरलाय, ताई."

"ताप येणार हे त्यांनी आधीच सांगितलेलं. औषध लागू पडलं की ताप येतो." मग तिने काचेच्या दाराकडे बोट दाखवलं. "या डॉक्टरबाई म्हणाल्या, आता हळूहळू. व्यायाम करा, वाट बघा. किती वाट बघू? तुमच्याकडे दुसरा काही इलाज आहे का? असेल तर सांगा, आत्ता फिर्याद देते."

माझ्याकडे इलाज नव्हता. मी तसं सांगितलं. महिला शिपायाने तिला पाणी दिलं, ते तिने घेतलं नाही.

तपासात एक गोष्ट मी फार आधी शिकलो. साक्षीदार आरोपीला शिव्या देत असतो तेव्हा तो रागाने दोनाचं चार करून सांगतो. पण आरोपीची बाजू घेऊ लागला की अगदी बारकाईने, खरं तेच सांगतो, कारण त्याला तुमची खात्री पटवायची असते. म्हणून मी तिला उलट विचारलं, "चांगले डॉक्टर होते म्हणता?"

"चांगले म्हणजे? दोघं होते. मोठे डॉक्टर आणि त्यांचा असिस्टंट. फसवणारी माणसं एवढी काळजी घेतात का? टाकी आणली होती, हंड्याएवढी. झाकण उघडलं की पांढरी वाफ, सगळी जमिनीवर पसरली. माझी मुलगी घाबरून आत पळाली. असिस्टंटने आधी माझ्याकडून कोमट पाणी मागितलं. हात घालून बघितलं, म्हणाले, एवढंच कोमट पाहिजे, जास्त नको. मग लांब दांडीने डबी वर घेतली, पूर्ण बाहेर नाही काढली, तोंडाशीच धरली आणि चिमट्याने छोट्या कुप्या काढल्या. पटकन कोमट पाण्यात. मग एकेक रुमालाने कोरडी पुसली आणि साहेब, शर्टाची बटणं उघडून छातीशी धरली. मोठ्या डॉक्टरांनी सलाईन लावेपर्यंत तशीच धरून उभे. मी विचारलं तर म्हणाले, अंगाची ऊब लागते याला. आता मला सांगा, खोटं औषध असतं तर कोणी असं काळजाशी धरून उभं राहिलं असतं?"

ती बोलत होती आणि मला आमचा गोठा दिसत होता.

आमच्या गावात गाय माजावर आली की वडील निरोप धाडायचे, आणि मोटारसायकलला नायट्रोजनची टाकी बांधून एक जण यायचा. त्याला सगळे डॉक्टरच म्हणत. टाकीत वळूचं वीर्य भरलेल्या बारीक कांड्या बुडवलेल्या असायच्या. तो आईकडून कोमट पाणी मागायचा. डबी तोंडाशी उचलून कांडी काढायची, पाण्यात सोडायची, कोरडी पुसायची, नळीत भरायची आणि गाय नीट उभी राहीपर्यंत ती नळी शर्टात घालून छातीशी धरायची, कारण थंडी लागली तर आतलं मरतं. मी गाईचं दावं धरून हे इतक्यांदा पाहिलं होतं की झोपेत करून दाखवलं असतं.

कृत्रिम रेतन करणाऱ्याशिवाय दुसरा कोणी असं करत नाही.

मी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. एवढंच विचारलं, "टाकीला कव्हर होतं का काही?"

"होतं ना. गोधडीचं, शिवून घेतलेलं. महागडं यंत्र, धक्का लागू नये म्हणून."

गोधडीचं कव्हर शहरातला कोणता दवाखाना शिवून घेईल? खडबडीत रस्त्यावर मोटारसायकलच्या कॅरिअरला टाकी बांधणारा माणूस घेईल.

ठाण्यात परतल्यावर गुन्हे शोध पथकाच्या हवालदाराला बोलावलं. हा निफाड तालुक्यातला, घरी अजून चार जनावरं. त्याला वर्णन सांगितलं तर मास्कच्या आत हसला. "साहेब, ह्यो तर आमचा गाया भरवणारा."

"म्हणून तर तुला बोलावलं. टाकी असलेला, आणि हल्ली गाईंच्या कामाला न जाणारा कोण आहे, ते काढ."

हवालदार खबऱ्यांकडे गेलाच नाही. त्याने चार दूध संकलन केंद्रांना फोन लावले आणि गाईवाला बनून रडला की आमच्याकडे रेतनाला कोणी येत नाही. विंचूरकडच्या एका केंद्रावरचा माणूस भडकलाच. "तुमच्याकडंच काय, आमच्याकडं बी येत नाय! आमचा डॉक्टर लय मोठा झाला म्हणे आता. गाया माजावर येऊन जात्यात, हा फोन उचलत नाय. उचलला तर मीटिंगमध्ये हाय म्हणतो. रेतनवाल्याची कसली मीटिंग रे बाबा?"

नंबर आणि पत्ता तिथेच मिळाला. आता प्रश्न असा की तो घरी आहे का, आणि सावध न करता कसं कळणार. हवालदाराने माझ्यासमोरच फोन लावला, स्पीकरवर.

"डॉक्टर, गाय माजावर आलीय. कवा येताय?"

"मी ते काम सोडलं भाऊ."

"सोडलं म्हंजी? आन् गाईनं काय करायचं?"

"दुसऱ्याला बोलवा ना."

"दुसऱ्याच्या हाताला यश नाय. मागं तुमच्याच हातनं कालवड झाली, आता ती दूध द्यायला लागली. बायको म्हनती, तोच डॉक्टर आना, नायतर नको."

पलीकडे जरा थांबला. स्तुतीने माणूस थांबतोच. "एचएफ जातीची का?"

"एचएफ."

"माज कवाचा हाय?"

"सकाळधरनं हंबरतीय."

"मग दुपारपर्यंत कुणाला तरी दाखवाच. मी आलो असतो, घरीच हाय. पण टाकी दुसऱ्या कामाला लागलीय आता. वाया नका जाऊ देऊ भाऊ एवढा चांगला माज."

हवालदाराने फोन ठेवला. "घरीच हाय साहेब. आन् गाईची लय काळजी हाय त्याला."

दुपारी तो माझ्या खोलीत होता. चौकशीला आणलं एवढंच घरच्यांना सांगितलं होतं, स्टेशन डायरीत नोंद केली होती. पस्तिशीचा, अंगाने बारीक, नखं स्वच्छ कापलेली. सुरुवातीपासून एकच पाढा: "मी फक्त टाकी वाहतो, साहेब. डॉक्टर ते हायेत. मला इंग्रजी कळत नाय."

चौकशीत आरडाओरडा करणारे अधिकारी मी पाहिले आहेत. ओरडलं की आरोपीला आपली बाजू धरून बसायला बरं पडतं. मी चहा मागवला आणि त्याला गाईंचं विचारलं. कांड्या कुठून आणतो, उन्हाळ्यात नायट्रोजन किती टिकतो, कालवडीला पहिल्यांदा भरवताना काय बघायचं. तो खुलला. हाताने दाखवून सांगू लागला. मी मध्येच विचारलं, "कांडी पुसायची का?"

"पुसायचीच. पाण्याचा थेंब बी आत गेला तर सगळं वाया."

"आणि कुपी शर्टात का घातली होती, सिडकोत?"

"सवय हाय साहेब," तो म्हणाला. आणि काय बोलून गेलो ते त्याच्या लक्षात आलं. चहाचा कप तसाच हातात राहिला.

त्यानंतर तो मिटला. वकील हवा, डॉक्टरांना विचारा, मला काही माहीत नाही. अशा वेळी थांबायचं असतं, पण मला थांबायला वेळ नव्हता. डॉक्टरबाईंचा फोन आला आणि मी तो त्याच्यासमोरच घेतला.

"साहेब, काही कळलं का? रक्ताच्या तपासणीचा निकाल यायला अजून वेळ आहे. तोवर मी अंदाजाने औषधं देतेय आणि ती लागू पडत नाहीयेत. याची फुप्फुसं आधीच कमजोर आहेत, हा फार काळ टिकणार नाही."

फोन ठेवला. तो माझ्याकडे बघत होता.

"फिटर?" त्याने विचारलं.

"फिटर. अजून जिवंत आहे. तो आहे तोवर तुझ्यावर एक गुन्हा आहे. गेला तर दुसरा, मोठा. मी तुला घाबरवत नाही, कायदा सांगतोय. कुप्यांत काय भरलं होतं?"

"त्यांनी दिलेलं. सलाईन, आन् त्यात ते दुधासारखं सलाईन नाय का देत, अशक्त माणसाला, त्याचे चार थेंब. गढूळ दिसायला पाहिजे, खऱ्या पेशी गढूळ दिसत्यात म्हणले."

"भरल्या कोणी?"

त्याने कप टेबलावर ठेवला.

"भरल्या कोणी?"

"मी. माझ्याच गोठ्यात."

"कुप्या नव्या होत्या?"

"नाय. कांड्यांच्या कामातल्या जुन्या हुत्या, काही त्यांनी आणल्या. धुतल्या ना मी, साहेब. चांगल्या तीनदा धुतल्या."

"कशाने?"

"पाण्यानं. गोठ्यातल्या टाकीतल्या."

"पाणी उकळलं होतं?"

तेव्हा त्याने जे उत्तर दिलं ते पूर्ण विश्वासाने दिलं. वकिली डाव नव्हता तो. "उकळायचं कशाला? नायट्रोजनमध्ये टाकल्यावर काय शिल्लक ऱ्हातं? बोट घातलं तर बोट तुटून पडंल, साहेब. एवढ्या थंडीत जंतू कुठला जगतो?"

मी म्हणालो, "तुझ्या टाकीत वळूचं वीर्य किती दिवस राहतं?"

"वर्षं राहतं. कितीबी."

"मेलेलं?"

पंधरा-वीस वर्षं तो ज्या गोष्टीवर पोट भरत होता, ती त्याला त्या क्षणी कळली. थंडीने मरत नाही, थंडीत झोपतं. ऊब दिली की उठतं. वीर्य उठतं, तसे जंतूही उठतात. आणि ऊब तर त्याने स्वतःच्या छातीची दिली होती.

"मी... गाईला असं केलं नसतं, साहेब," तो म्हणाला.

मी डॉक्टरबाईंना फोन लावला आणि शब्दशः सांगितलं: गोठ्यातल्या उघड्या टाकीतलं पाणी, शेणामुताच्या जागेतलं, आणि त्यात धुतलेल्या जुन्या कुप्या.

त्यांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "मी शहरातला जंतुसंसर्ग धरून चालले होते. औषधं बदलते. आणखी कोणाला दिलंय का, तेवढं विचारा, पण लवकर."

दिलं होतं. घरं त्याला पाठ होती, टाकी त्यानेच वाहिली होती. आरोग्य खात्याची गाडी मागे, आमची जीप पुढे, जीपमध्ये तो. आणि प्रत्येक दारात फिटरच्या बायकोचीच गोष्ट नव्याने सुरू झाली. "आमच्या माणसाला बरं वाटतंय, तुम्ही जा." "कोणी जळून तक्रार केली असेल." एका म्हातारीने तर सरळ सांगितलं, "पोलीस आजार बरा करतात होय? तुम्ही चोर पकडा, जा." तिच्या नातवाला चढवलं होतं.

वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी त्यालाच खाली उतरवलं आणि म्हातारीपुढे उभं केलं. "तूच सांग."

तो मान खाली घालून म्हणाला, "काकू, ते माझ्या हातानं भरलंय. आमच्या गोठ्यात. औषध नाय ते. पोराला तपासून घ्या."

म्हातारीने त्याच्या तोंडावर दार लावलं. मग उघडलं आणि नातवाला घेऊन बाहेर आली. पुढच्या प्रत्येक घरी आम्ही तेच केलं. पोलिसाचं ऐकत नव्हते, डॉक्टरचं ऐकत नव्हते, पण ज्याने कुपी छातीशी धरली त्याचं ऐकत होते. काही जणांना ताप भरूनही त्यांनी अंगावर काढला होता.

'मोठा डॉक्टर' रेतनवाल्याने सांगितलेल्या, गंगापूर रोडवरच्या एका हॉटेलात जेवताना सापडला. तो पूर्वी औषध कंपनीचा प्रतिनिधी होता. दवाखान्यांत येणं-जाणं, कोणत्या घरी कोण यंत्रावर आहे याची माहिती तिथूनच. अंगावर चांगले कपडे, आवाज मऊ. अटकेचा त्याला धक्का बसला नाही. उलट मला समजावू लागला.

"सर, यावर जगभर रिसर्च चालू आहे. मी नवीन काही बोललो नाही. तुम्हाला हे सायन्स समजायला जरा अवघड जाईल."

"मी बी.एस्सी. आहे," मी म्हणालो. खरं तर म्हणायची गरज नव्हती. पण म्हणालो. "संशोधन चालू आहे म्हणजे विक्री चालू आहे असं नाही. तुमच्या कुपीत एक तरी पेशी होती का?"

"लोकांना आशा हवी असते, सर."

"आणि तुम्हाला?"

त्याने रुमालाने हात पुसले आणि वेटरकडे बिल मागितलं.

पुढे गुन्हा दाखल झाला, फसवणूक, तोतयेगिरी आणि जीव धोक्यात घालणं. फिर्याद सरकारतर्फे, औषध निरीक्षकांची. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात टिकत नाही, हे वाचकांना ठाऊक असेल. म्हणून पंचांसमक्ष गोठ्यातून पाण्याचा नमुना घेतला, भरायची सिरिंज घेतली, आणि टाकी जप्त केली. त्या टाकीने आमच्या मुद्देमाल कारकुनाला रडवलं. जप्त वस्तूला लाखेचं सील लावायचं हा नियम. नायट्रोजनच्या टाकीचं झाकण घट्ट बंद केलं तर ती फुटते. आणि नाही केलं तर वाफ उडून आठवडाभरात रिकामी, मग आतला पुरावा संपला. शेवटी झाकणाभोवती सैल दोरी बांधून तिला सील केलं. प्रयोगशाळेत जाईपर्यंत नायट्रोजन भरून आणायची जबाबदारी त्याच हवालदारावर आली. प्रत्येक वेळी पंच बोलवायचे, सील तोडायचं, भरायचं, नवं सील लावायचं. एकदा वाटेत एका शेतकऱ्याने त्याची मोटारसायकल थांबवली: "डॉक्टर, बरं झालं दिसलात, गाय..." हवालदाराने वर्दी दाखवली. शेतकरी म्हणाला, "पोलीस असा नायतर कोनी बी असा, टाकी तर हाय ना?"

त्या टाकीतल्या शिल्लक कुप्या बोलल्या. फिटरच्या रक्तात सापडलेला जंतू, कुपीतला जंतू आणि गोठ्यातल्या पाण्याच्या टाकीतला जंतू एकच निघाला. थंडीने तो आमच्यासाठी जपून ठेवला होता. बचावाच्या वकिलांनी बऱ्याच गोष्टींवर प्रश्न उभे केले, पण या जुळणीवर त्यांना एकही करता आला नाही.

फिटरची बायको एका दुपारी आपणहून ठाण्यात आली. तोपर्यंत नवऱ्याचा ताप उतरला होता. दोरीपलीकडे उभी राहिली. अंमलदाराने काय काम विचारलं तर म्हणाली, "जबाब द्यायचाय. त्या दिवशी साहेबांना नाही म्हणाले होते."

मी तिला आत घेतलं. जबाब लिहून होईपर्यंत ती एकदाही अडखळली नाही. सही केल्यावर पेन खाली न ठेवता म्हणाली, "साहेब, खरं सांगू? तो माणूस फसवतोय असं मला एकदा वाटलं होतं. ती वाफ बघितली तेव्हा. जत्रेतल्यासारखी वाटली. पण मग मी स्वतःलाच गप्प केलं. नाही केलं असतं तर माझ्याकडे काहीच उरलं नसतं."

महिला शिपायाने तिला पाणी दिलं. या वेळी तिने घेतलं.

निवृत्तीनंतर लोक विचारतात, इतक्या वर्षांत काय शिकलात. या प्रकरणातून शिकलो ते असं: फसलेला माणूस मूर्ख असतो असं धरून तपास सुरू केला की तो तुमच्याशी बोलत नाही, आणि त्याचं बरोबरच असतं. ती बाई मूर्ख नव्हती. तिच्यापुढे वाट बघणं आणि पांढरी वाफ, असे दोनच रस्ते होते. वाट बघायला सांगणारे आपण सगळे. पण वाट बघताना तिच्याजवळ बसायला आपल्यातला कोणी गेला नव्हता. ती जागा रिकामी दिसली तिथे तो मऊ आवाजाचा माणूस जाऊन बसला. डॉक्टरबाईंनी नंतर असे घरी यंत्रावर असलेले पेशंट आठवड्याला एकत्र बोलवायला सुरुवात केली. श्वासाचे व्यायाम, आणि कोणतं औषध खरं, कोणतं अजून प्रयोगात आहे, याची सरळ उत्तरं. मूलपेशींबद्दल कोणी विचारलं की त्या सांगतात, "अजून नाही. उपयोग ठरला की मीच पहिल्यांदा सांगेन." लोकांना 'अजून नाही' हे उत्तर चालतं, फक्त ते तोंडासमोर बसून द्यावं लागतं.

दोघांनाही शिक्षा झाली. रेतन करणाऱ्याला कमी, प्रतिनिधीला जास्त. त्याचं अपील चालू आहे. ज्यांना कुप्या चढवल्या होत्या ते सगळे शोधले गेले, सगळ्यांवर उपचार झाले, एकही दगावला नाही. फिटरची फुप्फुसं पूर्वीसारखी झाली नाहीत, होणारही नाहीत असं डॉक्टरबाई सांगतात. पण बरेच महिने व्यायाम करून त्याने यंत्र परत केलं, आणि आज तो त्याच कारखान्यात, स्टोअर विभागात, पूर्ण पाळी काम करतो.